पळसदेवचं पाणी आणि गायतोंडे

सप्टेंबर २०२५च्या अखेरीस पेपरात एक बातमी आली. वासुदेव गायतोंडे यांचं १९७० सालचं एक चित्र सॅफ्रनआर्टच्या लिलावात ६७ कोटी ८ लाख रुपयांना विकलं गेलं. आमच्या बारामती एमआयडीसीत पहिली पाळी सुटली की चहाच्या टपरीवर एकच पेपर दहा हातांतून फिरतो. त्या दिवशी तो फिरत माझ्याकडे आला, तेव्हा एका कारखान्याच्या पेंट शॉपमध्ये काम करणाऱ्या मुलानं चित्राच्या फोटोवर बोट ठेवून विचारलं, "सर, ह्यात हाय काय नेमकं?"

त्याच्या विचारण्यात टिंगल नव्हती. दिवसभर रंगातच काम करणाऱ्या माणसाला पडलेला तो प्रामाणिक प्रश्न होता. चहा संपेपर्यंत मला त्याचं धड उत्तर देता आलं नाही, ते आता सविस्तर देतो. त्या प्रश्नात खरं तर दोन प्रश्न आहेत. हे चित्र तयार कसं होतं, आणि त्याची किंमत तयार कशी होते? दोन्हींची उत्तरं वेगळी आहेत आणि ती एकमेकांत मिसळली की सगळा गोंधळ होतो.

आधी माणूस. वासुदेव संतू गायतोंडे यांचा जन्म २ नोव्हेंबर १९२४ रोजी नागपूरचा. घराणं मूळ गोव्याचं, बालपण पुढे गिरगावातल्या चाळीत गेलं. १९४८ साली त्यांनी मुंबईच्या सर ज. जी. कला महाविद्यालयातून पदविका घेतली. सूझा, रझा, हुसेन, आरा, गाडे आणि बाकरे यांनी १९४७मध्ये काढलेल्या प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुपशी ते थोड्याच काळात जोडले गेले. सुरुवातीची त्यांची चित्रं लघुचित्रांच्या वळणाची आहेत, त्यांत माणसं आहेत, रेषा आहेत. मग पाउल क्ले या स्विस-जर्मन चित्रकाराची ओढ लागली, आणि १९५०च्या दशकात आकृती हळूहळू विरघळत गेल्या. १९६४मध्ये रॉकफेलर शिष्यवृत्तीवर ते न्यूयॉर्कला गेले. १९७१मध्ये पद्मश्री मिळाली. पुढच्याच वर्षी मुंबई सोडून ते दिल्लीत निजामुद्दीन पूर्वला एका लहानशा जागेत राहायला गेले. लग्न केलं नाही. झेन विचार, रमण महर्षी, जे. कृष्णमूर्ती, मुंबईतले निसर्गदत्त महाराज हे त्यांच्या आस्थेचे विषय. समारंभ, मुलाखती, ओळखीपाळखी यांपासून ते लांबच राहिले.

आता चित्राकडे. इथे मला आपल्याच भागातली एक जागा मदतीला घ्यावीशी वाटते.

इंदापूर तालुक्यात पळसदेव आहे. उजनीचं धरण झालं आणि जुनं गाव पाण्यात गेलं, पण पळसनाथाचं देऊळ तिथंच राहिलं. धरण भरलेलं असतं तेव्हा देवळाचा बहुतेक भाग पाण्यात असतो. कडक उन्हाळ्यात पाणी उतरलं की ते पुन्हा वर येतं, मग लोक पाहायला गर्दी करतात. मला मात्र मधला काळ जास्त ओढतो. एखादी ओवरी किंवा भिंत पृष्ठभागाच्या जरा खाली असते. गडद असं काहीतरी दिसतं, पण कड सापडत नाही. ढग सरकला की ते जवळ आल्यासारखं वाटतं, वारा सुटला की खोल जातं. पाणी तेच, दगड तोच, बदलतो तो उजेड आणि आपली नजर.

गायतोंड्यांची चित्रं पाण्याची आहेत असं मी म्हणत नाही. त्यांना ते अजिबात चाललं नसतं. आपल्या कामाला अमूर्त म्हणणंसुद्धा त्यांना मान्य नव्हतं. कारण अमूर्त म्हटलं की आधी कुठलीतरी मूर्त वस्तू होती आणि तिचं सार काढलं, असा अर्थ निघतो. त्यांच्या मते त्यांची चित्रं मुळातच वस्तुनिरपेक्ष होती. म्हणून बहुतेकांना नावं नाहीत, फक्त साल. पण पाहण्याची रीत पळसदेवच्या काठावर शिकता येते. काय आहे ते ओळखायची घाई सोडायची आणि किती खोल दिसतंय त्याकडे लक्ष द्यायचं.

ही खोली येते कुठून? त्या मुलाला त्याच्या पेंट शॉपवरूनच सांगतो. गाडीची बॉडी रंगवताना आधी पत्रा धुतला जातो, मग प्रायमर, त्यावर बेस कोट, वर क्लिअर कोट, आणि मधे मधे ओव्हन. तिथे सगळी कसोटी एकच: थर दिसता कामा नयेत. रंग ओघळला तर बॉडी परत जाते, संत्र्याच्या सालीसारखा खडबडीतपणा आला तर परत जाते, धुळीचा कण बसला तरी परत जाते. सगळीकडे सारखा, सपाट, चकचकीत पृष्ठभाग हेच तिथलं यश.

गायतोंड्यांकडेही थरच आहेत, हत्यारही आपल्या ओळखीचं आहे, पण हेतू नेमका उलटा. त्यांनी ब्रश बराचसा बाजूला ठेवला आणि रोलर व पॅलेट नाइफ घेतली. रंगाचा पातळ थर कॅनव्हासवर रोलरनं पसरायचा. तो सुकत असताना कुठे नाइफनं खरवडायचा, कुठे तसाच ठेवायचा. वर दुसरा थर द्यायचा, तोही खालचा दिसेल इतका पातळ. वर्तमानपत्राचे किंवा मासिकाचे फाडलेले तुकडे रंगात भिजवून कॅनव्हासवर ठेवायचे, वरून रोलर फिरवायचा आणि कागद उचलून घ्यायचा. मागे जो ठसा राहतो त्याला हातानं काढलेल्या रेषेची कड नसते. तो उमटलेला असतो, जुन्या भिंतीवर ओल उमटते तसा. त्यावर आणखी थर आले की तो ठसा अर्धा बुडतो. पळसदेवच्या ओवरीसारखा.

यात भौतिकशास्त्र साधंच आहे. जाड, अपारदर्शक रंगावर पडलेला उजेड वरूनच परत फिरतो. पातळ तैलथरात तो आत शिरतो, खालच्या थरांवर आपटतो आणि वाटेतले रंग घेऊन बाहेर येतो. म्हणून चित्र आतून उजळल्यासारखं दिसतं, आणि म्हणूनच पेपरातल्या छोट्या फोटोत त्यातलं काहीच उरत नाही. टपरीवर त्या मुलाला काही दिसलं नाही यात त्याचा दोष शून्य. छापील फोटोत शाई कागदावर सपाट बसलेली असते.

ओव्हन इथे चालत नाही. तैलरंग वाळतो तो पाणी उडून नव्हे, तर तेल हवेतला प्राणवायू घेऊन घट्ट होतं म्हणून, आणि त्याला दिवस लागतात. आधीचा थर कितपत ओला असताना पुढचा द्यायचा यावर सगळं अवलंबून. चुकलं तर चिखल होतो. रोलर फिरवताना जे घडतं ते पूर्णपणे हातात नसतं, पण कुठे थांबायचं ते हातात असतं. त्यामुळे त्यांच्या कामातला मोठा वेळ रंगवण्यात जात नसे, तो नुसतं बसून बघण्यात जाई. वर्षाकाठी जेमतेम पाच-सहा चित्रं पूर्ण होत. साठच्या दशकाच्या शेवटापासून त्यांनी आडवा कॅनव्हास बव्हंशी सोडून उभा धरला. आडव्या चौकटीत आपण नकळत क्षितिज शोधतो आणि मग निसर्गदृश्य दिसायला लागतं. उभ्या चौकटीत ती सोय उरत नाही. हा बदल मला त्यांच्या सगळ्या निर्णयांत सर्वांत धाडसी वाटतो.

१९८४मध्ये त्यांना अपघात झाला. मानेला दुखापत झाली आणि मोठ्या कॅनव्हासवर काम करणं काही वर्षं थांबलं. त्या काळात कागदावर शाईनं केलेली लहान कामं आहेत, लिपीसारखी पण वाचता न येणारी. पुढे ते कॅनव्हासकडे परतले आणि नव्वदीच्या दशकात शेवटची चित्रं केली. १० ऑगस्ट २००१ रोजी ते गेले. वर्तमानपत्रांतून त्याची फारशी दखल घेतली गेली नाही.

तेव्हा ज्याच्या जाण्याकडे कुणाचं लक्ष नव्हतं, त्याचं चित्र चोवीस वर्षांनी ६७ कोटींना कसं जातं?

जिवंतपणी चित्रकाराचं चित्र गॅलरीतून किंवा थेट विकलं जातं, ती पहिली विक्री. तिचे पैसे चित्रकाराला मिळतात, गॅलरी आपला वाटा घेते. गायतोंड्यांची चित्रं अनेक वर्षं मुंबईतल्या पंडोल गॅलरीतून लोकांपर्यंत गेली. होमी भाभांच्या आस्थेमुळे उभ्या राहिलेल्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या संग्रहात त्यांची चित्रं आहेत. जहांगीर निकल्सन यांच्यासारख्या संग्राहकांनी ती घेतली. कलेला आश्रयदाता लागतो हे बारामतीला कुणी नव्यानं सांगायला नको. बाबूजी नाईकांच्या आश्रयानं मोरोपंतांनी इथेच आयुष्यभर लिहिलं. पण तेव्हाच्या किमती घरखर्च भागवण्याच्या होत्या, कोटींच्या नव्हत्या.

विकत घेणाऱ्यानं किंवा त्याच्या वारसांनी ते चित्र पुन्हा विकलं की ती दुसरी विक्री. बातम्यांतले बहुतेक सगळे मोठे आकडे या दुसऱ्या विक्रीचे असतात, आणि ते पैसे चित्राच्या त्या वेळच्या मालकाला जातात. आपल्या कॉपीराइट कायद्यात ५३ अ हे कलम आहे. मूळ चित्राची पुनर्विक्री दहा हजार रुपयांच्या वर झाली, तर चित्रकाराला किंवा त्याच्या वारसांना त्या किमतीत दहा टक्क्यांपर्यंत वाटा मागता येतो, असं ते म्हणतं. कागदावर १९९४च्या दुरुस्तीपासून हे आहे, वापरात ते जवळजवळ आलेलंच नाही. मला हे अन्यायाचं वाटतं, आणि जिवंत चित्रकारांसाठी तरी त्याची अंमलबजावणी व्हायला हवी.

लिलाव कसा चालतो ते बाजार समितीच्या आवारात उभं राहिलेल्या माणसाला समजायला जड नाही. तिथे शेतकऱ्याचा माल वक्कल लावून मांडला जातो, अडत्या सौदा पुकारतो, व्यापारी बोली वाढवतात आणि शेवटी पट्टी होते. चित्राच्या लिलावातही मालक माल घेऊन येतो, लिलाव संस्था अडत्यासारखी मधे असते. फरक आहे तो आधीच्या तयारीत. चित्र आलं की जाणकार त्याची तपासणी करतात: कॅनव्हासची अवस्था कशी आहे, रंग तडकलाय का, कुणी दुरुस्ती केलीय का. मग त्याची वंशावळ लावली जाते. चित्रकाराकडून कुणी घेतलं, तिथून कुणाकडे गेलं, कुठल्या प्रदर्शनात लागलं, कुठल्या पुस्तकात छापलं. हा वंशवृक्ष जितका सलग, तितकी किंमत वर. मधे एखादी कडी तुटली की चांगल्या चित्राचाही भाव घसरतो.

यानंतर अंदाजित किंमत जाहीर होते, एक खालची आणि एक वरची. त्याशिवाय एक राखीव किंमत मालक आणि संस्था यांच्यात गुप्त ठरते. बोली तिच्या खाली थांबली तर चित्र विकलं जात नाही. लिलावाच्या आधी चित्रं मांडून दाखवली जातात. प्रत्यक्ष सौद्यात कुणी दालनात बसून हात वर करतो, कुणी फोनवर असतो, कुणी संगणकावरून बोली लावतो. हातोडा पडला की सौदा पक्का. त्यावर खरेदीदाराकडून लिलाव संस्था आपली टक्केवारी घेते, कर वेगळा. पेपरात येणारा आकडा कधी ही टक्केवारी धरून असतो, कधी न धरता, त्यामुळे दोन बातम्यांतले आकडे ताडताना हे आधी पाहावं.

विक्रमी भाव व्हायला दोनच माणसं पुरतात. वरच्या टोकाला एकाच चित्रासाठी दोघं हट्टाला पेटले की अंदाज मागे पडतो. १९ डिसेंबर २०१३ रोजी क्रिस्टीजनं मुंबईत ताजमहाल हॉटेलात भारतातला आपला पहिला लिलाव घेतला. त्यात गायतोंड्यांच्या १९७९च्या चित्राला वरचा अंदाज साडेआठ कोटींचा होता. ते गेलं २३ कोटी ७० लाखांना.

त्यानंतरची चढण अशी: २०१५मध्ये १९९५ सालचं चित्र २९ कोटी ३० लाखांना, २०२१मध्ये १९६१चं चित्र जवळपास ४० कोटींना, २०२२मध्ये १९६९चं चित्र ४२ कोटींना, आणि २०२५मध्ये हे ६७ कोटी. त्याच वर्षी मार्चमध्ये हुसेन यांचं 'ग्रामयात्रा' न्यूयॉर्कमध्ये सुमारे ११८ कोटींना गेलं होतं.

हे आकडे वाचताना एक सावधगिरी. प्रत्येक वेळी चित्र वेगळं आहे. गुळाच्या दोन वक्कलींची प्रत सारखी नसते, तसंच हे. शिवाय रुपया वेगळा आहे. २०१३चे २३ कोटी ७० लाख म्हणजे तेव्हाचे सुमारे ३८ लाख डॉलर, आणि २०२५चे ६७ कोटी म्हणजे सुमारे ७६ लाख डॉलर. रुपयात किंमत जवळजवळ पावणेतीनपट झालेली दिसते, डॉलरमध्ये दुप्पट. जगाच्या बाजारात अजून दरी मोठी आहे. अमेरिकी चित्रकार मार्क रॉथको, ज्यांच्याशी गायतोंड्यांची तुलना नेहमी होते, त्यांचं एक चित्र २०१२मध्येच ८ कोटी ६९ लाख डॉलरना गेलं होतं. बाजार सरळ वरच जातो असंही नाही. २००८च्या मंदीत भारतीय चित्रांचे भाव चांगलेच कोसळले होते.

मग भाव चढला तो कशानं? माझ्या मते सर्वांत मोठं कारण हातांच्या वेगातच आहे. वर्षाला पाच-सहा चित्रं करणारा माणूस आयुष्यभरात फार थोडी मागे ठेवतो. त्यातली बरीच संग्रहालयांत आणि संस्थांमध्ये गेली, तिथून ती बाजारात परत येत नाहीत. माणूस गेल्यावर नवं चित्र येणं थांबलं. मागणी मात्र वाढत गेली, कारण नव्वदीनंतर भारतात पैसा असलेला नवा वर्ग तयार झाला आणि त्याला आपल्या देशातली आधुनिक चित्रकला हवीशी वाटू लागली.

त्यात अभ्यासाची भर पडली. ऑक्टोबर २०१४मध्ये न्यूयॉर्कच्या गुगेनहाइम संग्रहालयात संधिनी पोद्दार यांनी त्यांचं मोठं सिंहावलोकन प्रदर्शन मांडलं. पुढच्या वर्षी ते व्हेनिसला गेलं. मराठीत सतीश नाईक यांनी 'चिन्ह' या नियतकालिकातून गायतोंड्यांवर वर्षानुवर्षं साहित्य जमवलं आणि मोठा ग्रंथ काढला, मीरा मेनेझिस यांनी इंग्रजीत चरित्र लिहिलं. प्रदर्शनामुळे चित्रांच्या नोंदी पक्क्या होतात, नोंदी पक्क्या झाल्या की खरेदीदाराची भीती कमी होते, भाव वाढला की आणखी मालक चित्रं बाहेर काढतात आणि आणखी अभ्यास होतो. हे चक्र एकदा फिरायला लागलं की ते स्वतःच्या जोरावर फिरतं.

कायद्याचाही एक धागा आहे. १९७२च्या पुरावस्तू आणि कलानिधी कायद्यानुसार राजा रविवर्मा, अमृता शेरगिल, जामिनी रॉय, रवींद्रनाथ टागोर अशा नऊ चित्रकारांची कामं राष्ट्रीय कलानिधी ठरवलेली आहेत. ती देशाबाहेर नेता येत नाहीत. गायतोंडे त्या यादीत नाहीत. म्हणून त्यांच्या चित्रांना न्यूयॉर्क, लंडनचा खरेदीदारही खुला आहे.

भाव वाढला की बनावट मालही येतो. वरवर सोप्या दिसणाऱ्या चित्राची नक्कल सोपी असेल असं वाटतं, पण थर ओळखता येतात आणि घाई लपत नाही. ओळखीच्या खुणांपैकी एक मला जवळची वाटते. गायतोंडे कॅनव्हासच्या मागच्या बाजूला सही करत, पुष्कळदा देवनागरीत आणि सोबत इंग्रजीत, सालासकट. इंग्रजी कॅटलॉग त्या सहीला 'हिंदीतली सही' म्हणतात. ती गिरगावात वाढलेल्या माणसाची देवनागरी आहे.

एवढं सगळं सांगूनही किंमत म्हणजे चित्राचं मोजमाप नव्हे. अकोल्यात जन्मलेले, नंतर ओस्लोत स्थायिक झालेले आंबादास आयुष्यभर अमूर्ताचंच काम करत राहिले. प्रभाकर बरवे यांनी वस्तू आणि अवकाश यांचा असा विचार केला की त्यांचं 'कोरा कॅनव्हास' आजही चित्रकलेच्या विद्यार्थ्यांनी वाचावं. यांच्या चित्रांचे भाव गायतोंड्यांच्या जवळपासही नाहीत. त्यांचा वंशवृक्ष, त्यांची प्रदर्शनं, त्यांचे दोन हट्टी खरेदीदार एकाच दालनात अजून एकत्र आलेले नाहीत, इतकंच त्यावरून कळतं.

त्या मुलाला मी सांगितलं आहे की एका सुट्टीला आपण मुंबईला जाऊ. फोर्टातल्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात जहांगीर निकल्सन संग्रहाचं दालन आहे, समोरच्याच चौकात राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालय आहे. मांडणी बदलत असते, तेव्हा गायतोंडे लागलेत का ते आधी फोन करून विचारावं, आणि आधुनिक कला संग्रहालय सोमवारी बंद असतं हे लक्षात ठेवावं. तुम्हीही जा. पाटी वाचू नका, फोटो काढू नका. आधी समोर उभे राहा, मग दोन पावलं बाजूला सरकून तिरक्या उजेडात बघा, रोलर कुठे थांबला ते दिसेल. दहा मिनिटं द्या. तिकिटाच्या पैशात ते पाहायला मिळतं.